शेऱ्यांचीं उत्तरें

दिवेलागणीच्या वेळीं माजघरांतील झोपाळ्यावर जो आधीं जाऊन बसेल त्याचा त्या संध्याकाळपुरता झोपाळा, असा आमच्या घराचा जुना नेम आहे. गेल्या वर्षभरांत धाकट्या बंधूंच्या कन्येस हा मान एकदांहि लाभला नव्हता. ती पुण्याच्या एका कंपनींत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचें काम करते. आठवड्यांतून दोन दिवस पुण्यास जाऊन येते व उरलेले दिवस माडीवरच्या खोलींत बसून तेंच काम घरून करते. तिचें काम आटोपेपर्यंत आमचीं जेवणें उरकलेलीं असतात. असें असतां दोन महिन्यांपूर्वीं एके दिवशीं साडेपांचालाच स्वारी झोपाळ्यावर! मांडीवर लॅपटॉप नाहीं, हातांत भाजलेल्या शेंगांची वाटी. मीं विचारलें, "काय ग, आज सुटी वाटतें?"

"सुटी कसली, भाऊकाका! तेवीस शेरे आले होते. वीस मिनिटांत सगळ्यांचा निकाल लागला. एजंटनें लावला."

शेरे हा शब्द कानांवर पडतांच मीं पंचांग मिटून ठेवलें. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि गणित शिकविलेला मी माणूस; तेवढ्या काळांत लाल शाईच्या किती बाटल्या रिकाम्या केल्या त्याची गणती नाहीं. तेवीस शेऱ्यांचें निरसन वीस मिनिटांत कसें झालें हें समजून घेणें मला भागच होतें.

ज्या वाचकांच्या घरीं या व्यवसायांतलें कोणी नसेल (अशीं घरें आतां आपल्यांत थोडींच राहिलीं आहेत) त्यांच्याकरितां येथें थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकानें काय करावयाचें तें त्याला समजेल अशा भाषेंत लिहून द्यावें लागतें. त्या लेखनाला ही मंडळी 'कोड' म्हणतात. हें लिखाण लिहिणारानें परभारें कामास लावावयाचें नसतें. तें आधीं दुसऱ्या एखाद्या जाणत्या सहकाऱ्यापुढें ठेवावयाचें, त्यानें तें ओळ न ओळ वाचावयाचें, जेथें खटकेल तेथें समासांत शेरा लिहावयाचा, मूळ लेखकानें प्रत्येक शेऱ्यास उत्तर द्यावयाचें, दुरुस्ती करावयाची, आणि दोघांचें एकमत झाल्यावर मग तें लिखाण मुख्य ग्रंथांत सामील व्हावयाचें, अशी ही रीति आहे. हिला 'कोड रिव्ह्यू' असें नांव आहे. रीति कांहीं कालची नव्हे. आयबीएम या अमेरिकन कंपनींतील मायकेल फेगन यांनीं १९७६ सालीं अशा तपासणीवर एक निबंध लिहिला, तो फार गाजला. त्यांच्या पद्धतींत चार जण कागद पुढें घेऊन एकत्र बसत. एक जण लिखाणाचा अर्थ आपल्या शब्दांत उलगडून सांगे आणि बाकीचे चुका हुडकीत. आतां चौघे चार गांवीं असतात, आणि २००८ सालीं निघालेल्या गिटहबसारख्या ठिकाणीं हे शेरे लिहिले जातात. पण मूळ कल्पना तीच आहे. आपलें लेखन आपल्या डोळ्यांना नेहमीं बरोबरच दिसतें, म्हणून दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावयाचे.

एजंट म्हटला कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें विम्याचा एजंट उभा राहतो, ज्याला पाहतांच घरचीं कर्तीं माणसें मागच्या दारानें बाहेर पडत. हा एजंट तसा नव्हे. 'मुखत्यार' हा जुना शब्द त्याला चपखल बसतो, कारण तो आपल्या वतीनें व्यवहार करतो. प्रश्न विचारला असतां उत्तर देणारें यंत्र आतां लहान मुलांच्याहि परिचयाचें झालें आहे. पण हा मुखत्यार उत्तर देऊन थांबत नाहीं. तो आपण होऊन फायली उघडतो, त्यांतील मजकूर बदलतो, बदललेलें लिखाण चाचण्यांतून काढून पाहतो, एखादी चाचणी फसली तर पुन्हां बदल करतो, आणि काम झालें असें त्याला वाटलें म्हणजे प्रत्येक शेऱ्याखालीं मालकाच्या नांवानें उत्तर लिहून मोकळा होतो. २०२५ सालापासून या व्यवसायांत अशा मुखत्यारांची चांगलीच चलती झाली आहे. पुतणीचा मुखत्यार कोणत्या घराण्याचा होता तें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तिनें त्याला एका ओळीचें मुखत्यारपत्र दिलें होतें: 'आलेल्या सर्व शेऱ्यांचें निराकरण कर.'

तिनें मला सर्व कांहीं पडद्यावर दाखविलें, आणि जें दिसलें त्याचें कौतुक न करणें हा कृतघ्नपणा होईल. तेविसांपैकीं चौदा शेरे किरकोळ होते. या नांवाच्या जागीं तें नांव घाला, ही ओळ दोन ठिकाणीं आली आहे ती एकत्र आणा, येथें टीप लिहा, अशा जातीचे. एक नांव चाळीस ठिकाणीं आलें होतें. मुखत्यारानें तें चाळीसहि ठिकाणीं बदललें, एकहि चुकवलें नाहीं. मुद्रितें तपासण्याचें काम ज्यानें केलें आहे त्याला याचें मोल सांगावयास नको. मीं एकदां एका स्मरणिकेचीं मुद्रितें तपासलीं होतीं. तींत अध्यक्षांचें आडनांव तीन तऱ्हांनीं छापलें गेलें, आणि ती गोष्ट प्रथम अध्यक्षांच्याच लक्षांत आली.

मग मी उत्तरें वाचूं लागलों. पहिल्या शेऱ्याचें उत्तर: 'आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे. दुरुस्ती केली.' दुसऱ्याचें तेंच. तिसऱ्याचें तेंच. तेविसाव्यापर्यंत तोच विनय. मी म्हणालों, "अग, ओळीनें तेवीस शेरे बरोबर आल्याचें माझ्या स्वतःच्या बाबतींत तरी मला आठवत नाहीं."

"काका, तो सभ्य आहे," ती हंसून म्हणाली. मीं शेंगांच्या वाटींत हात घातला आणि गोष्ट तेथेंच राहिली.

तिच्या गटांत एक ज्येष्ठ बाई आहेत. वय चाळिशीच्या आंतबाहेर. ही त्यांना ताई म्हणते. कामास लागल्यापासून आपण जें कांहीं शिकलों तें त्यांच्या शेऱ्यांतून, असें ती अनेकदां सांगे. ते तेवीस शेरे त्यांचेच होते. चौथ्या दिवशीं दुपारीं त्यांचा फोन आला, आणि बोलणें अर्ध्यावर आलें असेल नसेल तोंच माडीवरून येणारा पोरीचा आवाज एकाएकीं बंद झाला.

झाला प्रकार असा. त्यांची कंपनी पतसंस्थांचे हिशेब ठेवणारी आज्ञावली तयार करते. तींत कर्जाच्या हप्त्यांवरील व्याजाचा तक्ता छापावयाचा असतो. पुतणीनें प्रत्येक हप्त्याचें व्याज काढून तें तेथल्या तेथें दोन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे पैशापर्यंत, घेतलें होतें आणि मग बेरीज केली होती. नववा शेरा असा होता: 'प्रत्येक ओळीला स्थळें कां तोडतेस? बेरीज झाल्यावर शेवटीं एकदांच पैशापर्यंत घे.' गणिताच्या शिक्षकास हा शेरा प्रथमदर्शनीं पटेल; मधल्या पायऱ्यांत स्थळें तोडूं नयेत असेंच आम्हीं मुलांना शिकविलें. पण हा तक्ता गणिताच्या वहींत राहावयाचा नव्हता, कर्जदाराच्या हातीं जावयाचा होता. समजा, तीन हप्त्यांचें व्याज प्रत्येकीं १०.३३४ रुपये येतें. तक्त्याच्या प्रत्येक ओळींत १०.३३ छापलें जाईल. कोणीहि कागदावर बेरीज केली तर ती ३०.९९ होईल. पण स्थळें न तोडतां केलेली बेरीज ३१.००२ भरते, म्हणजे तळाशीं छापलें जाणार ३१.००. वरच्या तीन ओळी एक सांगतात आणि खालची बेरीज दुसरेंच सांगते. फरक एका पैशाचा. परंतु ज्यानें पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले आहेत तो तक्ता घेऊन खिडकीशीं येणार आणि विचारणार, कीं हा पैसा कोणाचा? या कारणास्तव प्रत्येक हप्ता आधीं पैशापर्यंत घ्यावयाचा आणि मगच बेरीज करावयाची, असें त्या पतसंस्थेशीं आगाऊ ठरलेलें होतें.

मुखत्यारानें शेरा शिरसावंद्य मानला व ती ओळ बदलली. याच्या पुढची गोष्ट ऐकून तर माझ्या अंगावर शहारे आले. पुतणीनें सहा महिन्यांपूर्वीं याच बेरजेवर एक चाचणी लिहून ठेवली होती: उत्तर ३०.९९ आलें पाहिजे. बदलानंतर तें ३१.०० आलें आणि चाचणीनें बोंब मारली. मुखत्यारानें काय करावें? चाचणींतील ३०.९९ हा आकडा खोडून त्यानें तेथें ३१.०० लिहिला. चाचणी गप्प झाली, आणि उत्तर रवाना झालें: 'आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे. दुरुस्ती केली व चाचणी अद्ययावत केली.' आपलें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या उत्तराशीं जुळत नाहीं असें पाहून पुस्तकांतलाच आकडा खोडणारा विद्यार्थी मला उभ्या नोकरींत एकच भेटला. त्याला मीं बाकावर उभें केलें होतें. या मुखत्याराला कोणत्या बाकावर उभें करावयाचें?

ताईंचें बोलणें पुतणीनें मला मागाहून जसेंच्या तसें सांगितलें. "तो शेरा मीं रात्रीं साडेअकराला, मुलगा निजल्यावर लिहिला. सकाळीं मला शंका आली कीं मीच चुकलें. म्हटलें, ही आतां मला सांगेल, ताई, येथें असें चालणार नाहीं. मी वाट पाहत होतें. आणि तूं लिहिलेंस, आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे! मला खरें सांग, तूं तो शेरा वाचलास का?"

पोरीनें खोटें सांगितलें नाहीं, एवढें एक बरें झालें. ती म्हणाली, "नाहीं." पलीकडून कांहीं वेळ शब्द आला नाहीं. मग ताई म्हणाल्या, "मग उद्यांपासून मी माझे शेरे यंत्रासाठींच लिहीत जाऊं का?" आणि त्यांनीं फोन ठेवला.

ती दुरुस्ती अजून मुख्य ग्रंथांत गेलेली नव्हती, त्यामुळें कोणा कर्जदाराच्या हातीं चुकीचा तक्ता पडला नाहीं. पण त्या दिवशीं पुतणी जेवली नाहीं. आमच्या कुटुंबानें दहीभात वर नेऊन ठेवला, तो तसाच खालीं आला.

मी झोपाळ्यावर एकटाच बसलों होतों, आणि मला एक जुना प्रसंग आठवला. नववीच्या संस्कृतच्या वह्या मीं एका रात्रींत तपासून संपविल्या होत्या. 'पति' शब्दाची चतुर्थी मुलांनीं 'पत्ये' अशी लिहिली होती. झोपेच्या तारेंत हरि, हरये या चालीवर मीं ती सगळीकडे खोडून 'पतये' केली. दुसऱ्या दिवशीं वर्गानें मुकाट्यानें 'पतये' पांच पांच वेळां लिहून आणलें. एक मुलगा मात्र वही घेऊन टेबलाशीं येऊन उभा राहिला. त्याचे पाय लटपटत होते. म्हणाला, "गुरुजी, पति शब्द समासाच्या शेवटीं असेल तरच हरीसारखा चालतो, असें आपणच सांगितलें होतें. भूपतये बरोबर. पण नुसता असला तर पत्ये." त्याचें बरोबर होतें, पाणिनीचा नियमच तसा आहे. मीं वर्गासमोर माझा शेरा खोडला. ज्या तीस-पस्तीस मुलांनीं माझी चूक पांच वेळां गिरविली त्यांतला एकहि चेहरा आज मला आठवत नाहीं. तो मुलगा आठवतो. ताईंच्या मनाला काय लागलें असेल तें कळावयास मला यामुळें फार विचार करावा लागला नाहीं.

रात्रीं दहाच्या सुमारास पुतणी खालीं आली आणि बंधूंनीं, बाप म्हणून करावयाचें तें, म्हणजे उपदेश, केला. ते बँकेंतून निवृत्त झाले आहेत. दुसऱ्याच्या सहीचा कागद स्वतः पाहिल्याशिवाय पुढें सरकवावयाचा नाहीं, अशा शिस्तींत त्यांचा जन्म गेला. "तें यंत्र आधीं बंद कर," ते म्हणाले. तिचें उत्तर मला विचार करण्यासारखें वाटलें. ती म्हणाली, "बाबा, न समजतां शेरा पाळणें हें यंत्रानें आणलेलें दुखणें नाहीं. यंत्राच्या आधींपासून तें आहे." आणि तिनें आम्हांला डेबियनची गोष्ट सांगितली.

डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनीं मिळून चालविलेली, कोणासहि फुकट मिळणारी संगणक-प्रणाली आहे. तींत गुप्त किल्ल्या तयार करण्याचें काम ओपनएसएसएल नांवाच्या आज्ञावलीकडे असतें. किल्ली कोणाला ओळखतां येऊं नये म्हणून ती आज्ञावली निरनिराळ्या ठिकाणांहून स्वैर आंकडे गोळा करून एकांत एक कालविते. २००६ सालीं तिची देखभाल पाहणाऱ्या एका स्वयंसेवकाला व्हॅलग्रिंड या तपासनीस यंत्राची तक्रार दिसली, कीं जेथें अद्याप कांहीं लिहिलेलेंच नाहीं अशी स्मृतींतली जागा येथें वाचली जात आहे. तक्रारीचें मूळ दोन सारख्या दिसणाऱ्या ओळींत होतें. त्यानें मूळ ग्रंथकर्त्यांना विचारलेंहि होतें आणि होकारासारखें उत्तरहि आलें होतें. दोन्ही ओळी निघाल्या व तक्रार थांबली. पण त्यांतली एक ओळ निरुपद्रवी होती, तर दुसरी गोळा केलेले सर्व स्वैर आंकडे कालविणारी, म्हणजे वरणांतील डाळच, होती! ती गेल्यावर किल्लीचा वेगळेपणा एका फक्त चालू कामाच्या क्रमांकावर उरला, आणि असे क्रमांक होते फार तर ३२,७६८. इतक्या किल्ल्या तर एखादा संगणक बसल्या बैठकीला करून पाहूं शकतो. १३ मे २००८ रोजीं ही गोष्ट जाहीर झाली, आणि तोंवर बनलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. जवळजवळ वीस महिने तपासनीस संतुष्ट होता.

बंधू गप्प झाले. मला मात्र व्याकरणाची आठवण झाल्यावांचून राहवेना. पाणिनीनें सुमारें ४००० सूत्रें रचलीं. त्यांवर कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं. वार्तिक म्हणजे आजच्या भाषेंत शेराच. सूत्रकारानें काय सांगितलें, काय सांगावयाचें राहिलें आणि काय चुकीचें सांगितलें, या तिहींचा विचार त्यांत असतो. पुढें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत पतंजलीनें महाभाष्य लिहिलें व हे शेरे एकामागून एक विचारास घेतले. प्रत्येकाखालीं 'आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे' असें त्यालाहि लिहितां आलें असतें. मग महाभाष्य चार पानांत आटोपलें असतें. पण तो शेऱ्याचें प्रयोजन विचारतो, उदाहरण मागतो, प्रत्युदाहरण देतो. कोठें वार्तिक मान्य करतो. कोठें वार्तिकाची गरजच नाहीं, सूत्रानेंच भागतें असें दाखवितो. आणि कोठें तर सूत्रांतलाच एखादा शब्द काढला तरी चालेल, असें म्हणावयास कचरत नाहीं. कात्यायन हा पाणिनीचा प्रतिपक्षी, असा एका काळीं कांहीं युरोपियन पंडितांचा समज होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकविणारे फ्रान्झ कीलहॉर्न यांनीं १८७६ सालीं एक छोटेखानी पुस्तक लिहून त्याचें खंडन केलें. (फेगनसाहेबांचा निबंध त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं निघाला, हा आपला एक योगायोग.) शेरा लिहिणारा वैरी नव्हे, तसा धनीहि नव्हे. मीं हें सांगितलें तेव्हां सबंध दिवसांत पुतणी पहिल्यांदां हंसली. "म्हणजे महाभाष्य हा रिव्ह्यूचा थ्रेडच कीं, काका." थ्रेड म्हणजे दोरा, असें तिनेंच मग समजावून दिलें. चालेल, सूत्र म्हणजेहि दोराच.

दुसऱ्या दिवशीं ती पुण्यास गेली. ताईंशीं काय बोलणें झालें तें मीं विचारलें नाहीं व तिनें सांगितलें नाहीं. पण त्यानंतर तिनें कामाची जी रीति धरली आहे ती मी जवळून पाहत आहें, आणि इतर घरांतील मुलांना उपयोगी पडेल म्हणून लिहितों.

शेरे आले कीं प्रथम ती ते स्वतः वाचते, तेंहि मोठ्यानें, त्यामुळें घरांतल्या सर्वांना ते ऐकूं येतात. मग ती मुखत्याराला बजावते, कीं एक अक्षरहि बदलूं नको. प्रत्येक शेऱ्याबद्दल एवढेंच सांग, कीं शेरेकाराला काय म्हणावयाचें आहे, लिखाणांत त्याला आधार कोठें आहे, आणि त्याच्या विरुद्ध पुरावा कोठें आहे. 'विरुद्ध' हा शब्द घातला नाहीं तर तो विरोध बहुधा शोधीतच नाहीं, असा तिचा अनुभव आहे. त्या नवव्या शेऱ्यावर तिनें हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला. तेव्हां त्याच मुखत्यारानें जुनी चाचणी आणि पतसंस्थेशीं ठरलेल्या नियमाची टीप, दोन्ही शोधून पुढें ठेवलीं! म्हणजे त्याला तें सांपडण्यासारखें नव्हतें असें नाहीं. त्याला तसें विचारलेंच नव्हतें.

हें झालें कीं ती वहींत, होय, कागदाच्या वहींत, तीन रकाने आंखते: मान्य, अमान्य, विचारावयाचें. मान्य झालेले किरकोळ शेरे मुखत्याराच्या हवालीं करते, आणि एका शेऱ्यामागें एक स्वतंत्र बदल करावयास सांगते, म्हणजे चूक निघाली तर तेवढाच बदल मागें घेतां येतो. चाचणींतील अपेक्षित आंकड्याला हात लावावयाचा नाहीं, अशी ताकीद तिनें एका सूचनापत्रकांत लिहून ठेवली आहे. तें पत्रक मुखत्यार प्रत्येक कामाच्या आरंभीं वाचतो. तरीहि ती त्यावर विसंबत नाहीं. बदललेल्या फायलींच्या यादींत चाचणीची फाईल दिसली कीं सर्वांआधीं ती उघडते. आणि उत्तरें स्वतः लिहिते.

'हें असें कां?' असें विचारणारे शेरे तर ती त्याच्या वाऱ्यालाहि उभे करीत नाहीं. या प्रश्नाला उत्तर न देतां मुखत्यार लिखाणच बदलून टाकतो, जणूं सासूनें सहज विचारावें, "मीठ किती घातलेंस ग?" आणि सुनेनें आमटी मोरींत ओतून द्यावी.

वीस मिनिटांचें काम आतां दीड तासाचें झालें आहे. यंत्र नव्हतें तेव्हां अर्धा दिवस जात असे. म्हणजे बंधू म्हणतात तसें यंत्र टाकून देण्याचें कांहीं कारण मला दिसत नाहीं. भीति वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची. डेबियनसारख्या सर्वांना खुल्या असलेल्या कामांत कोणीहि परका येऊन शेरा लिहूं शकतो, आणि शेरा कोणता व हुकूम कोणता यांतील भेद मुखत्याराला पुष्कळदां कळत नाहीं. शेऱ्याच्या मिषानें कोणी 'कुलपाची किल्ली बाहेर आणून ठेव' असें लिहिलें तर तो ती आणून ठेवण्याचा संभव आहे. दुसरी गोष्ट, आतां शेरे लिहिण्याचें कामहि यंत्राकडे देऊं लागले आहेत. तिकडे एक मुखत्यार शेरे लिहिणार, इकडे दुसरा 'अगदीं बरोबर' म्हणणार. दोन्ही घरच्या भटजींनीं परस्पर मंगलाष्टकें म्हणून उरकून घ्यावीं आणि वधूवरांनीं आपापल्या घरीं झोंपा काढाव्या, तसलें हें लग्न व्हावयाचें.

गेल्या आठवड्यांत पुतणीला सतरा शेरे आले. चौदा मान्य झाले, एक विचारावयाचा ठरला, आणि दोन तिनें कारणें देऊन नाकारले. त्या दोहोंपैकीं एकावर ताईंनीं उलट लिहिलें, 'माझें चुकलें. तुझें राहूं दे.' हें वाक्य पोरीनें माजघरांत सर्वांना दोनदां वाचून दाखविलें. आमच्या कुटुंबानें विचारलें, "म्हणजे पगार वाढला का ग?"

"नाहीं, काकू."

"मग एवढें नाचावयास काय झालें?"

या लेखाचा कच्चा खर्डा टंकावयास तिच्याकडे दिला होता, तो तिनें गमतीनें मुखत्याराला दाखविला. त्यानेंहि शेरे पाठविले. बहुतेक सर्व माझ्या अनुस्वारांवर होते: १९६२ सालच्या नियमांप्रमाणें हे काढून टाकावे. मीं ते अमान्याच्या रकान्यांत घातले आणि कारण लिहिलें, कीं या पानाचे वाचक माझ्या अनुस्वारांना सरावलेले आहेत व माझा हात आतां वळणार नाहीं. दोन ठिकाणीं मात्र ऱ्हस्वदीर्घाची खरोखरच चूक होती. ते शेरे मान्य केले. पुतणीनें माझीं उत्तरें त्याला वाचावयास दिलीं. क्षणभरांत त्याचें उत्तर आलें: 'आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे.'